थंडीच्या प्रदेशात जमिनीतलं अंजीर: झाड जगतंय पण फळ पिकत नाही, काय करावं?

तुमचा प्रश्न वाचला. न्यू जर्सीतल्या एडिसनजवळ घर घेतलंत, तीन वर्षांपूर्वी शिकागो हार्डी या थंडी सोसणाऱ्या जातीच्या अंजिराचं रोप जमिनीत लावलंत, दर हिवाळ्यात ते पार जमिनीपर्यंत वाळतं, मे महिन्यात बुडातून परत फुटतं, ऑगस्टपर्यंत सहा फूट होतं, आणि आता ऑक्टोबरमध्ये झाडावर चाळीसेक हिरवी कडक अंजिरं लटकलीत जी पिकणार नाहीत हे दिसतंच आहे. तर उपटून कुंडीत लावू का, असं विचारलंय. आणि शेवटी लिहिलंय की बाबा मूळचे सासवडचे, पुढच्या सप्टेंबरला येणार आहेत, त्यांना झाडावरून तोडलेलं अंजीर खायला द्यायचंय. ते शेवटचं वाक्य वाचलं आणि लगेच लिहायला बसलो, कारण मीही पुरंदर तालुक्यातलाच, घरची अंजिराची बाग होती, १९९९ पासून न्यू जर्सीत आहे आणि आज परसात सात झाडं जमिनीत उभी आहेत.

आधी उत्तर, मग कारणं. उपटू नका. तीन वर्षांची मुळं ही तुमची खरी कमाई आहे.

आता मुद्दा असा की तुम्हाला वाटतंय झाडाला थंडी सोसत नाही. तसं नाहीये. झाडाला थंडी सोसतेय, दर वर्षी जिवंत होऊन येतंय म्हणजे मुळं ठणठणीत आहेत. मरतंय ते जमिनीच्या वरचं लाकूड. आणि वरचं लाकूड मेलं की झाडाचा हंगाम उशिरा सुरू होतो, बस्स, सगळी गडबड तिथे आहे. तुम्हाला झाड जगवायचं नाहीये, ते आपलं आपण जगतंय. तुम्हाला साधारण चार आठवडे मिळवायचे आहेत. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची प्रत्येक गोष्ट, कुठे छाटायचं, काय झाकायचं, खत कधी थांबवायचं, आपोआप समजते.

कसं ते सांगतो. अंजिराला दोन बहार असतात हे बाबांना नक्की माहीत असणार, आपल्याकडे पावसाळी खट्टा आणि उन्हाळी मीठा. इथले दोन बहार वेगळ्या कारणाने होतात. पहिला येतो गेल्या वर्षीच्या लाकडावर, त्याला इथे ब्रेबा म्हणतात, जून-जुलैत पिकतो. दुसरा, मुख्य बहार, येतो याच वर्षी फुटलेल्या नव्या फांदीवर, पानाच्या बगलेत एकेक. तुमचं जुनं लाकूड मरतं म्हणजे ब्रेबा गेलाच, त्याचं दुःख करू नका, शिकागो हार्डीला तसाही तो फार येत नाही. राहिला मुख्य बहार. जुन्या खोडावरच्या डोळ्यातून फांदी फुटली तर ती लवकर फुटते, बेताने वाढते आणि चौथ्या-पाचव्या पानापासूनच फळ धरायला लागते. पण बुडातून, जमिनीखालून जो धुमारा येतो तो उशिरा येतो, जोरात सुटतो आणि आधी नुसती उंची आणि पानं करत बसतो, फळ दिसतं ते दहा-बारा पानं झाल्यावर, म्हणजे जुलैचा शेवट किंवा ऑगस्ट. वाटाण्याएवढं फळ दिसल्यापासून पिकायला साधारण अडीच-तीन महिने लागतात. आता तुम्हीच मोजा, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दिसलेलं फळ ऑक्टोबरच्या शेवटाला पिकणार, आणि तेव्हा इथे रात्री चाळीस फॅरनहाइटच्या (साधारण ४ सेल्सिअसच्या) खाली गेलेल्या असतात. फळ आहे तिथेच थांबतं. माझ्याकडे ज्या झाडाचं खोड वाचलेलं असतं त्याची अंजिरं ऑगस्टच्या मध्यापासून सुरू होतात, आणि शेजारीच त्याच जातीचं खोड मेलेलं झाड सप्टेंबरच्या उत्तरार्धात, तेही ऊन चांगलं पडलं तर.

थंडी किती सोसते याला एक आकडा नसतो. झोपलेलं, म्हणजे हिवाळ्यापुरती वाढ थांबलेलं, नीट पिकलेलं जाड लाकूड साधारण १५ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे ९ सेल्सिअसपर्यंत निभावतं, १० फॅरनहाइटच्या खाली गेलं की बहुतेक जातींचं वरचं लाकूड जातं. अमेरिकन कृषी खात्याने थंडीप्रमाणे पाडलेल्या विभागांत आपला झोन ७ए, म्हणजे हिवाळ्यातली सगळ्यात थंड रात्र ० ते ५ फॅरनहाइटची धरून चालायची. म्हणजे उघडं ठेवलं तर बऱ्याच हिवाळ्यांत लाकूड जाणार, यात तुमची काही चूक नाही. २०१४ चा जानेवारी आणि २०१५ चा फेब्रुवारी या लागोपाठच्या दोन हिवाळ्यांत माझी न झाकलेली सगळी झाडं जमिनीपर्यंत गेली, आणि या भागात कित्येक वर्षं उभी असलेली इटालियन लोकांच्या परसातली जुनी झाडंही गेली. पण त्याहून वाईट अनुभव डिसेंबर २०२२ चा. नाताळच्या आदल्या दिवसांत सकाळी पन्नाशीत असलेलं तापमान रात्रीपर्यंत दहाच्या आसपास आलं, एका दिवसात चाळीसेक अंशांनी खाली. झाडाला आवरून घ्यायला वेळच मिळाला नाही. जानेवारीच्या शेवटी हळूहळू आलेल्या तितक्याच थंडीने जे नुकसान होत नाही ते तेव्हा झालं. म्हणून किती थंडी पडली हे जितकं महत्त्वाचं, तितकंच किती झपाट्याने पडली हेही, आणि झाड त्या वेळी झोपलेलं होतं का अजून कोवळं होतं हेही.

ते कोवळेपण मात्र आपल्या हातात असतं. तुम्ही लिहिलंय की ऑगस्टमध्ये लॉनचं खत घातलं. ते पहिलं बंद करा. नत्र उशिरा मिळालं की झाड ऑक्टोबरपर्यंत हिरवं वाढत राहतं, लाकूड पिकत नाही, आणि असं हिरवं लाकूड पंचवीस फॅरनहाइटलाही (साधारण उणे ४ सेल्सिअस) काळं पडतं. मी कुजलेलं शेणखत एप्रिलमध्ये घालतो, जूनमध्ये थोडं मिश्र खत, आणि जुलै लागला की हात आखडता. आपल्या भागातली माती बहुतेक आम्ल असते, अंजिराला साधारण साडेसहा-सातचा सामू (पीएच) आवडतो, तर एकदा रटगर्स विद्यापीठाच्या लॅबमध्ये मातीचा नमुना पाठवा, गरज निघाली तर चुना घाला. अंदाजाने घालू नका.

आता मुख्य काम, लाकूड वाचवणं. इथे तीन पद्धती चालतात आणि मी तिन्ही केल्यात.

पहिली, उभ्या झाडाला गुंडाळणं. माझ्या जुन्या घराशेजारी एक इटालियन आजोबा राहायचे, ब्रुकलिनमधून आलेले, त्यांनी मला ही शिकवली. पानं झडली की फांद्या सुतळीने एकत्र बांधायच्या, वर जुन्या चादरी, गालिचे, मग पुठ्ठा, बाहेरून ताडपत्री, आणि अगदी डोक्यावर बादली उपडी, म्हणजे पाणी आत जाणार नाही. ब्रुकलिन-क्वीन्समध्ये अजूनही हिवाळ्यात अशी बादलीवाली झाडं दिसतात. मी पहिल्या वर्षी चादरी न वापरता सरळ प्लास्टिक लपेटलं. फेब्रुवारीत दोन दिवस ऊन पडलं, आत गरम झालं, डोळे फुगले, आणि पुढच्या आठवड्यातल्या थंडीत सगळे मेले, शिवाय आत ओल साठून सालीला बुरशी. प्लास्टिक कधीही सालीला लागता कामा नये, ते फक्त पाऊस अडवायला, सगळ्यात बाहेर. ही पद्धत १० फॅरनहाइटपर्यंत छान चालते, त्याखाली मला तिचा भरवसा वाटत नाही, कारण सात-आठ फुटांवरच्या शेंड्याला जमिनीची ऊब मिळत नाही.

दुसरी, झाड पुरणं. एका बाजूची मुळं फावड्याने तोडायची, झाड दुसऱ्या बाजूला चरात आडवं पाडायचं, वर फळ्या, पालापाचोळा, माती. टोरंटोकडचे इटालियन आणि पोर्तुगीज लोक हे करतात आणि तिथल्या थंडीत त्याला पर्यायही कमी आहे. काम करतं, पण दर वर्षी अर्धी मुळं तोडणं माझ्या जिवावर येतं, आणि पन्नाशीनंतर पाठीच्याही.

तिसरी, जी मी गेली बरीच वर्षं करतोय आणि तुम्हाला सुचवतोय, ती म्हणजे झाड मुळात उभं वाढूच न देणं. जपानमध्ये अंजिराच्या बागा अशा असतात, त्या रचनेला इचिमोंजी म्हणतात, खोड जमिनीपासून फूट-दीड फुटावर दोन बाजूंना आडवं वळवायचं, इंग्रजी टी सारखं, दोन्ही हात पाच-सहा फुटांचे. दर वसंतात त्या आडव्या हातांवरून सरळ वर नव्या फांद्या फुटतात, एक वीतभर अंतराने एकेक ठेवायची, बाकी खुडायच्या. सगळं फळ त्या उभ्या फांद्यांवर. पानगळ झाली की उभ्या फांद्या एक-दोन डोळ्यांवर छाटून टाकायच्या आणि जमिनीलगतचे ते दोन हात फक्त झाकायचे. विचार केलात तर आपण पुरंदरात छाटणी करून नव्या फुटीवर बहार धरतो तेच तत्त्व आहे, फक्त सांगाडा आडवा.

यात फायदा काय, तर झाकायला लागतो जमिनीलगतचा बुटका, दहा-बारा फूट लांब पट्टा एवढाच, आणि खाली जमीन असते. जमीन ही हिवाळाभर चालणारी मंद शेगडी आहे. माझ्या आच्छादनाखाली मी थर्मामीटरची वायर ठेवतो, बाहेर ५ फॅरनहाइट असताना आत २५ च्या आसपास असतं. कुठलाही बल्ब नाही, हीटर नाही. दिव्यांच्या माळा आत सोडणारे लोक आहेत, मी सोडत नाही, कोरडा पाचोळा आणि विजेची वायर एकत्र ठेवून मला रात्री झोप लागणार नाही.

झाकताना क्रम असा ठेवतो. आधी बुडाशी आणि हातांभोवती बारीक चौकटीची लोखंडी जाळी, कारण व्होल नावाचे उंदरासारखे प्राणी आच्छादनाखाली हिवाळाभर राहतात आणि साल कुरतडतात. एका वर्षी मी जाळी टाळली, एप्रिलमध्ये उघडलं तर दोन्ही हात थंडीतून वाचलेले आणि सबंध साल खाल्लेली, पांढरी लाकडं. थंडीपेक्षा जास्त झाडं माझी त्यांनी नेलीत. जाळीवर जुन्या गोधड्या किंवा सामान हलवायची जाड ब्लँकेटं, त्यावर फोमचे कडक पत्रे पेटीसारखे, बाजूने कोरड्या पानांच्या पिशव्या, आणि सगळ्यावर ताडपत्री, उतार देऊन, टोकांना थोडी हवा राहील अशी. ताडपत्री फिकट रंगाची घ्या, काळी उन्हात तापते. झाकण्याआधी माती कोरडी ठणठणीत असेल तर एक पाणी द्या, ओलसर माती जास्त ऊब धरते. चिखल नको, वाफसा हवा.

कधी झाकायचं याची घाई करू नका. एक-दोन हलकी दहिवरं (गोठलेलं दव) लागून पानं झडू द्या, माझं हे काम नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत होतं. मात्र पानं असताना अचानक पंचविशीतली रात्र सांगितली असेल तर तेवढ्या रात्रीपुरती चादर टाका. उघडणं जास्त अवघड. मार्चमध्ये तीन दिवस ऊन पडलं की हात शिवशिवतात, पण मी एप्रिलच्या मध्याआधी पूर्ण उघडत नाही, आधी टोकं उघडून हवा देतो, मग ढगाळ दिवस बघून सगळं काढतो, आणि ब्लँकेट मेच्या मध्यापर्यंत जवळच ठेवतो. २०२० मध्ये ९ मेच्या सुमारास कडक थंडी आली होती, ज्यांनी सगळं आवरून तळघरात ठेवलं होतं त्यांची कोवळी फूट गेली.

उन्हाळ्यात दोन कामं. बुडातून येणारे जास्तीचे धुमारे काढत राहा, तुमच्या झाडाला यंदा पंधरा फांद्या होत्या असं फोटोत दिसतंय, त्यातल्या सहा ठेवल्या असत्या तरी फळ आधी धरलं असतं कारण प्रत्येकीला ऊन मिळालं असतं. आणि जूनच्या शेवटी प्रत्येक उभ्या फांदीला सहा-सात पानं झाली की शेंडा खुडा. झाडाचं लक्ष उंचीवरून फळावर येतं. चीक हाताला लागू देऊ नका, तो लागलेल्या जागी ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते, हातमोजे घाला. मग ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यानंतर जे फळ नव्याने दिसेल ते सरळ काढून टाका, ते पिकणार नाही आणि उरलेल्यांचं पोषण खाईल. हे करताना जीव तुटतो, पण करा. सप्टेंबरच्या शेवटी जी फळं पूर्ण आकाराला येऊन रंग बदलायच्या बेतात अडकलेली असतात त्यांच्या बुडाच्या छिद्रावर ऑलिव्ह ऑइलचा एक थेंब लावायचा जुना भूमध्य समुद्राकडचा उपाय आहे, तेलाने फळ पिकायला लागतं. मी करतो, आठवडाभर तरी वाचतो, पण कडक हिरव्या फळावर त्याचा काही उपयोग नाही.

जातीबद्दल विचारलंत. शिकागो हार्डी बरोबर आहे, बदलू नका. दुसरं झाड लावायचं असेल तर रोंद द बोर्दो किंवा फ्लोरिया, दोन्ही लवकर पिकतात, पावसाळी सप्टेंबरसाठी सेलेस्ट बरं कारण फळाचं छिद्र घट्ट मिटलेलं असतं, पाणी आत जाऊन आंबत नाही. स्मर्ना गटातली जात चुकूनही घेऊ नका, तिला परागीकरणाला जी चिमुकली अंजीर-माशी लागते ती या थंडीत टिकत नाही, फळ वाटाण्याएवढं होऊन गळतं. आणि बाबांना सांगा की येताना सासवडच्या बागेतल्या काड्या बॅगेत घालू नका. लागणाऱ्या सरकारी कागदपत्रांशिवाय रोपं-काड्या आणायला बंदी आहे, एअरपोर्टवर काढून घेतात, आणि तांबेऱ्यासारखा रोग सोबत आला तर इथल्या बागांचं नुकसान.

हे सगळं तुमच्या जागेपुरतं खरं आहे. मिनियापोलिसमध्ये असतात तर मीच म्हटलं असतं की कुंडी करा आणि हिवाळ्यात गॅरेजमध्ये ढकला. लंडनमध्ये असतात तर उलटं, तिथे हिवाळा सौम्य पण उन्हाळ्याला ऊब नाही, तिथे फांदीच्या टोकाशी हिवाळा काढलेली वाटाण्याएवढी फळंच पुढच्या उन्हाळ्यात पिकतात, म्हणून तिथे टोकं जपायची, आणि माझ्यासारखी छाटणी केली तर फळच मिळणार नाही. तुमच्याकडे आणखी एक चांगली गोष्ट म्हणजे झाड विटांच्या दक्षिण भिंतीपासून चार फुटांवर आहे, दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते, याच्याइतकी चांगली जागा मी सुचवू शकलो नसतो.

तर आता, या पंधरा दिवसांत. त्या सहा फुटी फांद्यांमधल्या अंगठ्याएवढ्या जाड, सरळ, बुडापासून निघालेल्या दोन निवडा, एक डावीकडची, एक उजवीकडची, भिंतीला समांतर. त्यांना रंगीत दोरी बांधून ठेवा. कडक फळं सगळी काढून टाका, पिकली नाहीत तरी सुका कचरा म्हणून बुडाशी ठेवू नका, सडतात. पानगळ सुरू झाली की त्या दोन फांद्या रोज थोड्या थोड्या वाकवायला लागा, दोरीने खुंटीला बांधून, तीन आठवड्यांत जमिनीलगत आणायच्या. अंजिराचं लाकूड लवचिक असतं, पण एका दिवसात वाकवलंत तर बुडाशी चिरतं. बाकीच्या फांद्या थँक्सगिव्हिंगच्या आसपास जमिनीलगत कापा आणि या दोघींना झाका. कापलेल्यांतल्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या वीतभर लांबीच्या करून ओलसर पेपरात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, मार्चमध्ये कुंडीत खोचल्या की रोपं होतील, एखाद्या वर्षी सगळं गेलंच तर हाताशी असलेली बरी.

पुढच्या एप्रिलमध्ये ते दोन हात जिवंत निघाले तर बाबा येतील तेव्हा झाडावर पिकलेली अंजिरं असतील असं मी बऱ्यापैकी खात्रीने सांगतो. मान वाकली, अंग मऊ झालं, बुडाशी मधाचा थेंब दिसला की तोडायचं, एक दिवसही आधी नाही, कारण तोडल्यावर अंजीर गोड होत नाही. बाबांना ते सांगावं लागणार नाही. पाखरं आणि खारी तुमच्या आधी ओळखतात, म्हणून फळाला रंग चढायला लागला की जाळीच्या छोट्या पिशव्या घाला.

दोऱ्या बांधल्या की भिंतीच्या बाजूने आणि समोरून असे दोन फोटो टाका, बुडाशी फांद्या कुठून निघाल्यात ते दिसलं पाहिजे. कुठली वाकेल आणि कुठली चिरेल ते बघून सांगतो.